डेन्मार्कला जायचं ठरलं तेव्हा

डेन्मार्कची टूम आमच्या लेकीची. चौथीत असताना तिला वर्गात एखाद्या देशाबद्दल बोलायचं होतं. लायब्ररीतल्या पुस्तकात तिने सायकलींनी भरलेला एक रस्ता पाहिला आणि तोच देश निवडला. मग इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर डेन्मार्कचा नकाशा लागला. बायको म्हणाली, “या सुट्टीत पुण्याला नको. तिघंच इकडे जाऊ या.”

“जाऊ या की,” मी म्हणालो आणि लगेच विषय बदलला.

त्याचं कारण दोघींना माहीत नव्हतं. मार्चमध्ये एका सकाळी ऑफिसला जाताना भूकंपाचा हलका धक्का बसला आणि आमची मेट्रो बोगद्यात थांबली. अर्धा-पाऊण तास. घोषणा शांत, माणसं शांत, कुणी मोबाइल बघतंय, कुणी डुलकी काढतंय. माझ्या छातीत मात्र धडधडायला लागलं, बोटं बधिर झाली. वाटलं, आपण इथेच मरणार आणि शेजारच्याला कळणारही नाही. गाडी सुरू झाली, काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी घरातून तासभर लवकर निघायला लागलो. कावासाकीच्या ऑफिसपर्यंत जवळजवळ प्रत्येक स्टेशनवर उतरायचं, बाकावर बसून श्वास घ्यायचा, पुढची गाडी पकडायची. घरी सांगितलं, “सकाळच्या मीटिंगा वाढल्यात.”

आणि आता तेरा-साडेतेरा तासांचं विमान. मी मार्ग शोधून पाहिला. विमान उत्तर ध्रुवाजवळून जाणार, खाली नुसता बर्फ. एकदा दार बंद झालं की उतरायचा प्रश्नच नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्या मार्गाचा नकाशा उघडायचो आणि डब्यातली पोळी तशीच राहायची.

इकडे लेकीने चार्टपेपरवर सगळा कार्यक्रम आखला. पहिले चार दिवस कोपनहेगन, मग ट्रेनने दुसऱ्या बेटावर. “पापा, ही ट्रेन समुद्राच्या खालून जाते!” ती नाचत म्हणाली.

“त्यापेक्षा बसने जाऊ,” मी घाईने म्हणालो. “वर पूल आहे. समुद्र दिसेल.”

मग मी एकेक गोष्ट खोडत गेलो. उंच मनोऱ्याची लिफ्ट नको, पाणबुडीचं संग्रहालय नको. प्रत्येक वेळी वेगळी सबब. बायको एकदा चिडून म्हणाली, “तुला यायचंय की नाही, ते एकदा सांग.” मी म्हणालो, “यायचंय.” तेही खरं होतं, म्हणूनच जास्त वाईट वाटत होतं.

जूनमध्ये व्हिसाच्या अर्जासाठी आणि बोटांच्या ठशांसाठी आम्हाला बोलावलं होतं. सकाळी आम्ही निघालो. गाडीत गर्दी होती. पुढच्या स्टेशननंतर नदी, आणि नदी ओलांडली की गाडी जमिनीखाली शिरते. एरवी एकटा असताना मला वाटेल तिथे उतरता यायचं. आज दोघी बरोबर होत्या, कागदपत्रांची फाइल माझ्या हातात होती, वेळ ठरलेली होती. नदीच्या अलीकडच्या त्या शेवटच्या स्टेशनवर दारं उघडली. बंद होण्याची धून वाजली आणि माझे पाय आपोआप बाहेर पडले.

मागे वळलो तोवर दारं लागली होती. काचेला लेकीचे दोन्ही हात टेकलेले, तोंड उघडं. बायको तिच्या मागे. गाडी निघून गेली. माझ्या हातात तिघांचे पासपोर्ट होते. आपण आपल्या मुलीला आत सोडून पळालो, एवढाच विचार डोक्यात होता. मी बाकावर बसलो.

उलट दिशेच्या गाडीने दोघी परत आल्या, तेव्हा बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय झालं? छातीत दुखतंय? अँब्युलन्स बोलावू?”

“नाही. मला आत राहवलं नाही.”

“म्हणजे?”

मग सगळं सांगितलं. मार्चचा बोगदा, रोजची स्टेशनं, खोट्या मीटिंगा. ती ऐकत होती, आणि काळजी जाऊन तिच्या चेहऱ्यावर राग यायला लागला.

“तीन महिने? तीन महिने तू हे एकट्याने केलंस, आणि मला वाटत होतं, तुला आमच्याबरोबर यायचंच नाहीये!”

लेक माझ्या बाहीला धरून होती. “पापा, कोवाकत्ता?” तिने हळूच विचारलं. घाबरलास का, असं. ती स्वतः घाबरली की तिला जपानीच सुचतं.

“हो गं,” मी म्हणालो. “खूप.”

बायकोने तिथूनच फोन करून दोन आठवड्यांनंतरची तारीख घेतली. त्याच आठवड्यात ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयस्कर जपानी डॉक्टरांनी कागदावर एक टेकडी काढली. “भीती अशी चढते आणि आपोआप उतरते. तुम्ही दर वेळी चढावरच गाडी सोडता. एकदा उतारापर्यंत थांबून बघा.” त्यांनी गोळ्याही दिल्या.

मग शनिवारी सकाळी आम्ही दोघं नुसतेच मेट्रोत बसायला लागलो. आधी नदीपलीकडचं एक स्टेशन, मग दोन. ती धीराच्या गप्पा मारत नसे. भाजी काय आणायची, कचऱ्याचा नवा नियम काय आलाय, असलंच बोलायची. पहिल्या शनिवारी मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

नव्या तारखेला आम्ही व्हिसा केंद्रात पोहोचलो. वाटेत एकदाही उतरलो नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. बोटं इतकी ओली की यंत्र ठसे घेईना. खिडकीमागच्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं. चौथ्या खेपेला ठसे उमटले.

व्हिसा आले, तिकिटंही झाली. जागा निवडताना लेकीने खिडकी मागितली, बायकोने मला चालायच्या वाटेकडची दिली आणि स्वतः मधली घेतली. निघायला आता नऊ दिवस आहेत. बेटावर कसं जायचं ते अजून ठरलेलं नाही. ट्रेन आणि बस, दोन्हींची वेळापत्रकं छापून ठेवलीत, त्या सकाळी मी सांगायचं. मला भीती वाटतेच. काल भाताचा कुकर लावताना विमानाचं बंद होणारं दार डोळ्यांसमोर आलं आणि मी ओट्याला धरून उभा राहिलो. बायकोने पाहिलं, गॅस बारीक केला आणि खुर्ची पुढे ओढली.