तिळाएवढा डायोड

माझी सून सुरेखा घरीच टेबलाशी बसून एका कारखान्याचे सर्किट बोर्ड दुरुस्त करते. काल एक बोर्ड काही केल्या चालेना. तो चालला नाही तर पुढचं काम दुसरीकडे जाणार होतं. मी तिच्या भिंगातून पाहिलं. तिळाएवढे काळे डायोड रांगेत बसले होते, प्रत्येकाच्या एका कडेला पांढरी रेघ.

"अगं, सगळ्यांच्या रेघा डावीकडे, याचीच उजवीकडे कशी?"

"अगंबाई, उलटा बसवला मी!" ती म्हणाली. "हा वीज एकाच बाजूने सोडतो, आई. पापणी लवायच्या आत लाखो वेळा चालू-बंद होतो. पण उलटा लावला की अडून बसतो, तुमच्यासारखा."

मला हसू आलं. एवढ्याशा वस्तूलाही तोंड आणि पाठ असते. सुरेखा नवी आली तेव्हा मी तिला चुलीपुढे बसवलं होतं. भाकरी मोडायची आणि मी बोलायचे. पोरगी मठ्ठ आहे, असं गावभर सांगितलं. बसवणारी मीच होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तिने चिमट्याने डायोड सोडवून फिरवला, पुन्हा कथलाचा डाग देऊन पक्का केला. बोर्डावरचा दिवा लागला.

"चला, आता भाकऱ्या टाकते," ती उठत म्हणाली.

"बस खाली. भाकऱ्या मी थापते. तू पुढचा बोर्ड घे."