वन्संची मालिका

सोमवार, १० मार्च. दुपारी बेटावरून घरी पोहोचलो. कुंड्यांतली दोन रोपे सुकली, बाकीची समोरच्या शेजारणीने जगवली. बॅगांतली वाळू गॅलरीत झटकली. दूध, पाव, बटाटे आणले. जावई तिकडूनच परस्पर आपल्या घरी गेले, लेक रविवारपर्यंत राहणार आहे. वन्सं सबंध प्रवासात कोणाशी बोलल्या नाहीत.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. हे गेल्यावर या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघीच उरलो. पुढची खोली त्यांची, मागची माझी, स्वयंपाकघर दोघींचे आणि टीव्ही त्यांचा. वन्संचा आवाज इतका खणखणीत की हे त्यांना 'ट्रंक कॉल' म्हणत. "हळू बोल गं, पुढच्या गावाला फोनशिवाय ऐकू जातंय," अशी रोजची चेष्टा.

कामाच्या गोष्टी त्या रंगवून सांगत. समोर भोकाभोकांचा मोठा फळा, हातात वायरी, डाव्या कानावर हेडफोन. दोन माणसांचा फोन जोडायचा, बोलणे सुरू झाले एवढे पाहायचे आणि लगेच बाजूला व्हायचे. पुढचे ऐकायला सक्त मनाई. "दोन वाक्यं कानावर पडायची गं वहिनी. 'आई, मी बोलतेय. मी परत येऊ का?' एवढंच. की फळ्यावर दुसऱ्या फोनचा दिवा पेटायचा. मग ती परत आली का, तिचा नवरा कसा होता, हे सगळं मला घरी येताना बसमध्ये लावत बसावं लागायचं." अशी कितीतरी माणसे त्यांनी बसमध्ये सुखाने नांदवली. एकदा तर एका न पाहिलेल्या बाईचा संसार पुन्हा जुळवण्याच्या नादात आपला थांबा सोडून पुढे गेल्या होत्या.

तो डावा कान आधी गेला. उजवा त्याच्या मागून, हळूहळू. त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला कळले ते मालिकेमुळे.

रोज संध्याकाळी सातला एक परदेशी मालिका लागत असे. एका मोठ्या इस्पितळाची गोष्ट. माणसे तिकडची, आवाज आपल्या भाषेत बसवलेले. ओठ एक बोलायचे आणि ऐकू दुसरेच यायचे. वन्सं टीव्हीचा आवाज बेताचाच ठेवत, मुद्दाम मोठा करत नसत. मी त्यांच्या शेजारी बसून बघत असे. त्यात पिकल्या केसांचा एक माणूस होता, इस्पितळाचा मालक. त्याला ते इस्पितळ विकून टाकायचे होते. तिथली मेट्रन ही त्याची थोरली बहीण. ती कागदपत्रे दडवून बसली होती, आणि तो दर दोन दिवसांनी येऊन तिच्याशी भांडत असे.

एके सकाळी शेंगा निवडताना वन्सं म्हणाल्या, "त्या पिकल्या केसांच्या माणसाला काही झालेलं नाही हां वहिनी. कधी छाती धरून येतो, कधी गुडघा धरून येतो. सगळं त्या मेट्रनसाठी. आणि तीही वस्ताद. काही कळलंच नाही असं दाखवते, औषध देते आणि पाठवून देते."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मग मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हटले, "मग पुढे काय होणार म्हणता?"

"होईल. बोलेल कधीतरी. घाई कशाला करायची?"

त्या दिवसापासून मी दोन मालिका बघू लागले. संध्याकाळची आवाजासकट, आणि सकाळची भाजी निवडताना. सकाळच्या मालिकेत कोणी काही विकत नव्हते. त्या माणसाला एकामागून एक दुखणी होत होती आणि मेट्रन त्याला बाटल्या भरून औषध देत होती. मला सकाळचीच जास्त आवडे.

घरात आपोआप काही सोयी झाल्या. जेवायला बोलवायचे तर मी त्यांच्या खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करी. दार मी उघडी, फोन मी घेई. मी कॉन्व्हेंटात शिकले, खोटे बोलू नये हे तळहातावर पट्टी खाऊन शिकले. पण लेकीने फोनवर आत्याला बोलाव म्हटले की माझे उत्तर ठरलेले, "आत्या आंघोळीला गेलीय." शेवटी लेक म्हणाली, "आई, आत्या दिवसातून किती आंघोळी करते?"

लेक आणि जावई दुसऱ्या शहरात असतात. या वर्षी दोघांनी ठरवले की आम्हा म्हाताऱ्यांना समुद्राच्या बेटावर न्यायचे. वन्संनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तिथे त्या अगदी हरखून गेल्या. पाण्याच्या काठाला नारळाची झाडे, बांबूच्या भिंतींच्या खोल्या, आणि पाणी इतके नितळ की आपलीच बोटे पाण्याखाली अनोळखी दिसत. वन्संनी लेकीची मोठी टोपी घातली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात उभ्या राहिल्या. जावई म्हणाले, "आत्या, पगारावर ठेवलंय का तुम्हाला इथे?" त्या त्यांच्याकडे बघून छान हसल्या. त्यांना ते ऐकू आले नव्हते, हे मला एकटीलाच कळले.

निघायच्या आदल्या दिवशी ओहोटी होती. किनाऱ्यापासून आत, लांबपर्यंत वाळूची एक पट्टी उघडी पडली होती. लोक तिच्यावरून चालत जात होते. वन्संही गेल्या, सगळ्यांच्या पुढे. मग भरती सुरू झाली तेव्हा हॉटेलच्या माणसाने शिट्टी मारली. सगळे वळले, वन्सं पुढेच चालत राहिल्या. त्याने पुन्हा मारली, पुन्हा मारली. त्यांच्या मागची वाळू भिजून काळी झाली, मग दिसेनाशी झाली. लेक पाण्यात शिरून ओरडत होती, "आत्या! आत्या!" जावई धावत होते. मी म्हटले, "हाका मारून उपयोग नाही. बोट पाठवा."

लेकीने वळून माझ्याकडे पाहिले. तिला त्या एका वाक्यात सगळे कळले.

बोट गेली. वन्सं तिच्यात ऐटीत बसून आल्या. "मला आणायला बोट पाठवलीत!" असे म्हणत उतरल्या, आणि मग लेकीचा चेहरा पाहिला. त्यांनीच विचारले, "शिट्टी वाजली होती का?"

खोलीत लेक त्यांच्या समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "आत्या, कानाचं मशीन घ्यायचं. नाहीतर तू आणि आई माझ्याकडे राहायला यायचं. मी तुम्हाला दोघींनाच अशी ठेवणार नाही. गॅस राहील, दार राहील, कोण ऐकणार?"

"मी नाही घालणार," वन्सं म्हणाल्या. "सबंध नोकरीभर कानाला यंत्र लावून बसले. आता सुटलेय."

"मग घर बंद करू."

त्यानंतर वन्सं बोलल्या नाहीत ते घरी येईपर्यंत. या घराला कुलूप लागणार म्हणजे काय, हे आम्हा दोघींना न बोलता समजत होते. लेकीच्या घरी आमचे सगळे नीट झाले असते. पण तिथे आम्ही पाहुण्याच राहिलो असतो, मरेपर्यंत.

बुधवारी लेक त्यांना कान तपासायला घेऊन गेली. मीही गेले. एका काचेच्या खोपट्यात बसवून तिथल्या मुलीने वन्संच्या डोक्यावर हेडफोन चढवला. वन्संचा हात आपोआप वर गेला, त्यांनी हेडफोन किंचित सरकवून नीट बसवला, ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "बोला."

मुलगी हसली. खुणेने सांगू लागली, "आजी, तुम्ही फक्त ऐकायचं. ऐकू आलं की बटण दाबायचं."

"तेच म्हणतेय. बोल की!"

डाव्या कानात काही उरले नव्हते. उजव्याला मशीनने बराच फरक पडेल असे निघाले. आठवडाभर वापरून बघायला म्हणून मशीन मिळाले. ते डबीतच राहिले, डबी टीव्हीच्या शेजारी. गुरुवारी लेकीने वन्संच्या आणि माझ्या चार-चार साड्या बॅगेत भरल्या. शुक्रवारी आणखी दोन. वन्सं बघत होत्या.

शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. साडेसहाला वन्सं बाहेर आल्या, डबी उघडली आणि मशीन कानात घालू लागल्या. लेकीच्या डोळ्यांत पाणीच आले. मी मात्र घाबरले.

"वन्सं," मी जवळ जाऊन म्हटले, "आजच कशाला? उद्या सकाळी घाला की."

"आई!" लेक म्हणाली. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

वन्संना माझे बोलणे ऐकू गेले. त्या जरा दचकल्या, माझ्याकडे नव्याने पाहिल्यासारखे पाहिले. "तुझा आवाज केवढा म्हातारा झालाय गं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आजच घालणार. आज तो बोलेल. त्याला काय म्हणायचंय ते मला ऐकायचंय."

आम्ही तिघी बसलो. पिकल्या केसांचा माणूस शेवटी खरोखरच आजारी पडला होता. पांढऱ्या चादरीवर निजला होता. मेट्रन आली, खुर्ची ओढून बसली. त्याने तिचा हात हातात घेतला. वन्सं पुढे सरकल्या. त्याचे ओठ हलले आणि टीव्हीतून आवाज आला, "ताई, तिजोरीच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास?"

लगेच साबणाची जाहिरात लागली.

वन्संनी मग विचारले, "ताई?"

"बहीण आहे ना ती त्याची," लेक म्हणाली. "मी चारच दिवस बघतेय, मलासुद्धा माहितीय. आत्या, तू नक्की काय बघत होतीस?"

वन्संनी माझ्याकडे पाहिले. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि रोज सकाळी माझी बडबड ऐकत होतीस."

"एक दिवस चुकवला नाही."

"हसत असशील मनात."

"कधीकधी हसले," मी म्हटले. "पण त्याला गुडघेदुखी झाली आणि ती दोन दिवस रजेवर गेली, तेव्हा नाही हसले. तेव्हा मला फार वाईट वाटलं."

त्यांनी हळूच मशीन काढले आणि डबीत ठेवले.

"आत्या, काढलंस?" लेक घाईने म्हणाली. वन्संनी तिला हाताने गप्प केले. जाहिरात संपली होती. उरलेला भाग त्यांनी मशीनशिवाय पाहिला, एकटक. मी टीव्हीचा आवाज पार बंद केला. लेकीने आधी माझ्याकडे पाहिले, मग तीही पडद्याकडे बघत राहिली. त्या माणसाचा हात चादरीवर पडला. मेट्रन उठून खिडकीशी गेली. नावे वर सरकू लागली.

लेकीने वन्संच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी वळून पाहिल्यावर सावकाश विचारले, "तुझ्यात काय झालं, आत्या?"

वन्सं म्हणाल्या, "त्याने विचारलं, इतकी वर्षं मला देत होतीस ते औषध खरं होतं का? ती म्हणाली, नाही रे, नुसतं साखरेचं पाणी."

"मग?"

"मग तो म्हणाला, म्हणूनच गुण आला."

लेक हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

रविवारी सकाळी वन्सं चहाला आल्या त्या मशीन घालूनच. "घरात घालीन," बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकले. "दार, फोन, गॅस आणि ही वहिनी, सगळं ऐकेन. सात ते साडेसात मात्र काढून ठेवणार. नवी मालिका सुरू होतेय उद्यापासून. तेवढं माझं मला राहू दे."

लेक उठली, बाहेर गेली, दार ओढून घेतले. घंटा वाजली. मी सवयीने उठू लागले तर वन्संनी मला खांदा दाबून बसवले आणि स्वतः जाऊन दार उघडले.

"कोण पाहिजे?"

"माझी आत्या आहे का घरी?"

"आहे. पण कुठे जायच्या विचारात नाही."

लेकीने त्यांना मिठी मारली. मग आत जाऊन बॅगेतल्या साड्या काढल्या आणि कपाटात होत्या तशा लावल्या. दुपारच्या गाडीने ती एकटी गेली. जाताना मला जिन्यात म्हणाली, "परवा सकाळी ती नव्या मालिकेचं जे काय सांगेल ते मला फोनवर कळव. आणि खरी गोष्ट सांगू नकोस."

रविवार, १६ मार्च. लेक दुपारी गेली, सुखरूप पोहोचल्याचा फोन आला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे, असे वन्संनी सांगितले. मला ऐकू आले नाही, हात लावून पाहिले तर खरेच ठिबकत होता. खाली भांडे ठेवले. उद्या प्लंबरला बोलावणे.