नव्या शाळेत पाणी न पिणारी मुलगी

मंडळी, आज नातीची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत आली. नुकतीच हायस्कुलात गेली आहे. म्हणाली, "आजी, लघवीला बाहेर जायचं तर सगळ्यांसमोर विचारावं लागतं."

मी थक्कच झाले. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी किन्हीराजाहून वाशीमला हायस्कुलात आले, तेव्हाही हाच नियम होता. मुलांसमोर तोंड उघडेना, म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नसे. एकदा प्रार्थनेत चक्कर येऊन पडले.

वरच्या वर्गातली कुसुम धावत आली. "काहून वं, काय झालं तुले?" मी रडतच सगळं सांगितलं. तिनं मला थेट हेडमास्तरांपुढे नेलं.

"सर, पोरीइले पोट्ट्यांसमोर विचाराची लाज वाटते. गुमान उठून जाऊ द्या ना."

हेडमास्तर म्हणाले, "हे आजवर कोणी बोललंच नाही." दुसऱ्या दिवसापासून मुलींना न विचारता उठायची मुभा मिळाली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुले कसं सुचलं?"

"मी बी तशीच तहानलेली राह्यली ना वं," ती म्हणाली.

उद्या नातीच्या बाईंना भेटणार आहे. तुमच्या मुली नव्या शाळेत कशाला घाबरतात? विचारलंत कधी?