एका रात्री दोन घरी जेवलेले आजोबा

इंग्लंडमधल्या एका कंपनीने सिस्टर मॉरीनना फसवलं. त्यांना दुसऱ्याचे आजोबा विकले.

सिस्टर अबुधाबीजवळच्या अल ऐनच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. जन्म लिव्हरपूलचा, आजोबा आयर्लंडहून तिथे आलेले. मागेपुढे कोणी नाही. रिटायर झाल्यावर आजोबांचं गाव शोधायचं, तिथे कोणी आपलं उरलंय का बघायचं, एवढीच इच्छा. कंपनीने वंशावळ करून दिली. आजोबा थेट जमीनदाराच्या बंगल्यातले निघाले! सिस्टरनी त्या घराण्याला प्रेमाने पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुमचा आमचा काही संबंध नाही.

माझं अबुधाबीत अ‍ॅटेस्टेशनचं ऑफिस आहे, म्हणजे सर्टिफिकेटं खरी असल्याचे सरकारी शिक्के मिळवून द्यायचं काम. सिस्टर आपले कागद घेऊन आल्या आणि माझ्यासमोर रडल्या. माझं डोकं फिरलं. तिथूनच कंपनीला फोन लावला.

"मॅडम, असा रिसर्च प्रॉबॅबिलिटीवर चालतो," सायमन नावाचा मॅनेजर म्हणाला. "हवं तर अर्धे पैसे परत करू."

"घासाघीस करण्यात माझा जन्म गेला, सायमन. पण आजोबा अर्धे घेत नाहीत."

फोन आपटला. मग लक्षात आलं, यातलं मला काहीच येत नाही. म्हणून शिकायला बसले.

आयर्लंडची १९११ची जनगणना इंटरनेटवर फुकट बघता येते. फुकट म्हटल्यावर मी हटत नाही. त्या वर्षी इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये ती एकाच रात्रीची होती. त्या रात्री ज्या घरात माणूस, तिथे त्याचं नाव. कंपनीचा थॉमस डॉइल त्या रात्री आयर्लंडच्या बंगल्यात होता. आणि सिस्टरचे आजोबा थॉमस डॉइल त्याच रात्री लिव्हरपूलला, गोदीतले हमाल, बायको आणि तान्ह्या मुलासह. तो तान्हा म्हणजे सिस्टरचे वडील.

एक माणूस एका रात्री दोन घरी जेवत नाही. जमीनदार खलास.

आता खरे आजोबा कुठल्या गावचे? त्यांचं पूर्ण नाव थॉमस गार्वी डॉइल. मी मराठी बाई, मधलं नाव दिसलं की तो बाप. आयर्लंडभर गार्वी डॉइल शोधत सुटले. एकही सापडेना. शेवटी लग्नाचं सर्टिफिकेट मागवलं. तिकडे त्यावर वडिलांचं नाव असतं. ते निघालं मायकल.

"क्लार्कने घोळ घातलाय," मी म्हणाले.

सिस्टर हसायला लागल्या. "अगं वैशाली, आमच्यात मधे कधीकधी आईचं माहेरचं आडनाव ठेवतात."

मी बघतच राहिले. आमच्याकडे लग्न झालं की बाईच्या नावातून माहेर पुसून टाकतात. इथे ते मुलाच्या नावात बसलं होतं!

पुढचं सोपं झालं. आयर्लंडच्या कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना आईचं माहेरचं आडनावही लिहीत. मायकल डॉइल पोत्याने सापडले, पण बायको गार्वीकडची असलेला आणि थॉमस नावाचा मुलगा असलेला एकच. वेक्सफर्ड जिल्ह्यातलं एक छोटं गाव. मी त्या चर्चला ईमेल केला, माझा नंबर दिला.

एका दुपारी सिस्टर ऑफिसात असतानाच फोन वाजला. पलीकडे पेग डॉइल नावाच्या म्हाताऱ्या बाई. मी स्पीकर लावला आणि सिस्टर इथेच आहेत म्हणून सांगितलं.

"लिव्हरपूलला गेलेल्या थॉमसची नात? आमच्या आजोबांच्या भावाची? खरंच? अगं, तिकडे कोणी उरलं नाही असं धरून बसलो होतो आम्ही! कधी येतेस? बटाटे खातेस ना?"

सिस्टर मग एकदम उठल्या आणि खुर्च्यांच्या मधे नाचायलाच लागल्या. शिक्क्यांसाठी थांबलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "यल्ला, चला, सगळ्यांना कडक चहा!" मी ओरडले. सिस्टर आता पेगच्या शेजारच्या घरात राहतात.

इथे संपलं असतं. पण कंपनीने गोड ईमेल पाठवून सिस्टरकडून नवी वंशावळ मागवून घेतली. आज ती त्यांच्या वेबसाइटवर आहे, सिस्टर आणि पेगच्या फोटोसकट. खाली लिहिलंय, 'आमच्या टीमचं संशोधन'.

कोणी वंशावळ हातात दिली तर आधी विचारा, हा माणूस त्या रात्री कुठे जेवला. आणि सायमन, तुलाही विचारते. तो जमीनदार सिस्टरच्या गळ्यात कोणी बांधला? 'टीम' सांगू नकोस. माणसाचं नाव सांग.