कुंकू लागलेली फ्लॉपी

आमची केळीची एजन्सी होती, तापीकाठच्या गावात. कोणाच्या बागेची कापणी कधी आणि कोणाचा माल कुठल्या ट्रकमध्ये, हे आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरच्या फळ्यावर खडूने लिहीत. लागवड ज्याची आधी, त्याचा नंबर आधी. भांडणं व्हायची, पण फळ्यासमोर, सगळ्यांच्या देखत.

नव्वदीच्या मध्यावर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, जळगावहून कॉम्प्युटर आणला. त्यातला प्रोग्राम मात्र विकतचा नव्हता, एका कंपनीकडून वर्षाच्या करारावर होता. रोज सकाळी मशीनमध्ये चावीची फ्लॉपी घालायची, तरच ते उघडायचं, आणि दर वर्षी पैसे भरून नवी चावी आणायची. यंत्र आमचं, त्यातली नावं मी बोटं दुखेपर्यंत भरलेली, आणि दाराची चावी त्या कंपनीकडे. आयत्या बिळावर नागोबा! मी हे तेव्हाच बोलले, तर दादा म्हणाला, तुला धंद्यातलं काय कळतं. त्याने फळा काढून गोठ्यात टाकला आणि गावभर सांगितलं, आता नंबर मशीनच ठरवणार.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा असते. त्या वर्षी हिशोबही मशीनमध्ये गेलेला, वहीच नव्हती, म्हणून आबांनी पाटावर फ्लॉपी ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. फ्लॉपीला मधे उघडी खिडकी असते, तिथून कुंकू आतल्या चकतीवर जातं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? पाडव्याला मशीन उघडलंच नाही.

जळगावच्या कॉम्प्युटरवाल्याला मी फोन केला. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "खराब झालेली चावी बदलून मिळत नाही. नवा करार करा, चावी पाठवतो. पण कंपनी उघडेल सुट्टी संपल्यावर." अहो, आमच्या वह्यांवर वर्षानुवर्षं कुंकू पडलं, एक वही कधी बंद पडली नाही.

दिवाळीमुळे ट्रक मोजकेच येत होते. आबा तोंडी नंबर सांगू लागले, तर लोक म्हणाले, "आबा, मशीन काय म्हणतं ते सांगा." मग काय, बळी तो कान पिळी. जो ओरडला त्याचा माल चढला.

शेजारच्या अक्का ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. नवरा गेल्यापासून एकटीने बाग उभी केलेली बाई. पहिला नंबर त्यांचा, हे आबांना पक्कं ठाऊक होतं, पण ऐकतो कोण? अक्का रोज येऊन पायरीशी उभ्या राहत. एक दिवस म्हणाल्या, "पोरी, मन्हा घड बठ्ठा पिकी राहिनात. तुन्हा मशीनले इचार ना." त्यांचे सगळे घड झाडावरच पिकत चालले होते, पण मी काय विचारणार होते त्या डबड्याला? झाडावर पिवळं झालेलं केळं दिल्लीच्या ट्रकमध्ये कोणी चढवत नाही. अक्कांनी घड उतरवून गुरांपुढे टाकले.

त्यानंतर तो कॉम्प्युटरवाला नवी चावी घेऊन आला. मशीन सुरू केलं, नावं दाखवली आणि ऐटीत म्हणाला, "बघा, सगळं आहे तसं आहे. काहीसुद्धा गेलेलं नाही."

माझं डोकं फिरलं. त्याला मी तसाच अक्कांच्या गोठ्यात नेला. म्हशी केळी खात होत्या, सालीसकट. म्हटलं, "काहीसुद्धा गेलेलं नाही, हे आता यांना सांग."

अक्कांना वाटलं, पाहुणा आलाय. त्यांनी ढिगातलं एक चांगलं केळं निवडलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"खाई ले, भाऊ. झाडवर पिकेल शे, गोड शे."

आणि त्या माणसाने ते सोलून खाल्लं.