माझाच आजार, माझंच पोट

मला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. हाडं ठणकायला लागली की डोंगरकडा गावाहून नांदेडचा दवाखाना, सलाईन, पुन्हा घर. तरी शिकले, सेनगावजवळच्या शाळेत शिक्षिका झाले. लग्नाआधी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानंही रक्त तपासून घेतलं, तर तो वाहक निघाला, स्वतःला त्रास नाही पण आजार रक्तात. म्हणजे लेकराला आजार होण्याची शक्यता मोठी.

"तवाचं तवा बघू," तो म्हणाला होता.

मला तिसरा महिना लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोटात सुई घालून नमुना घेतला की गर्भाला आजार आहे का ते कळतं.

"असला तर?" मी विचारलं.

"असं बाळ जन्माला घालून त्याचे हाल कशाला करायचे? तुम्ही शिकलेल्या आहात."

"मॅडम, मला हाच आजार आहे. मी जन्मायला नको होतं का?"

मी तपासणी न करता उठले.

घरी सासूबाई चिडल्या. "काहून हट्ट करून राहिली? तुही तकलीफ काय कमी हाय?"

"तकलीफ दिसते ना आई? मंग मी जगून राहिले, हेबी बघा."

दोन दिवसांनी नवरा आईला म्हणाला, "सुई तिला टोचणार. तीच ठरवंल."

बाळंतपण जिवावर बेतलं, रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली. तिलाही तोच आजार निघाला. बघायला आलेल्या बाया विचारायच्या, "कळत असून?"

"व्हय, कळत असून."

पुढं माझ्या जावेवर तीच वेळ आली. दीर वाहक, तीही वाहक. तिनं तपासणी केली. गर्भाला आजार निघाला, तिनं गर्भपात करून घेतला. जीपमध्ये मी तिच्या शेजारी बसले होते, सगळ्या वाटेनं तिनं माझा हात सोडला नाही. गल्लीतल्या त्याच बाया आता तिला टोचायला लागल्या, "मोठीनं ठेवलंच की!"

मी दारात उभी राहून ओरडले, "माझं नाव पुढं करून तिला बोलायचं न्हाई! तिला झेपंल ते तिनं केलं."

मुलगी आता चौथीत आहे. परवा पाय दुखत असताना तिनं विचारलं, "आई, मला हे होईल, तुला माहीत होतं?"

"होऊ शकतं, एवढं माहीत होतं."

"तरी?"

"तरी तू पाहिजे होतीस."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. चिडली माझ्यावर. चिडू दे. जाब विचारायचा हक्क तिचा आहे. बाकी कुणाला मी उत्तर देणार नाही.