काकीच्या पाण्यातला पाला

"टिपायचं गो, पुसायचं नाय."

बाळाच्या अंगावर घालायच्या आधी काकी पाला उकळलेलं पाणी स्वतःच्या मनगटावर घ्यायची आणि त्याच्या आईला हे बजावायची. इसबाने लालभडक झालेलं, दिवसभर खाजवून रडणारं पोर त्या हिरवट, कोमट पाण्यात गप्प व्हायचं. मी कापडे गावच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. माझ्या मलमाची ट्यूब पाहून तीच आई नाक मुरडायची, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

काकीला हे औषध तिच्या सासूकडून आलेलं, दोन अटींसकट. दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि पाल्याचं नाव सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. पहिल्या अटीने काकीला घरात डांबलं होतं. पनवेलला लेकीची दोन बाळंतपणं झाली, काकी गेली नाही. "कोन आलं नि दार बंद दिसलं तर?"

"काकी, मला तरी रजा मिळते," मी चिडवायचे. ती हसून चुलीत लाकूड सारायची. पण एसटीचा आवाज आला की तिचे हात थांबायचे. तुम्हीही शेजारी असतात तर तुमच्याही लक्षात आलं असतं.

मागच्या वर्षी वरंधहून एक बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. काकीने मला बोलावून घेतलं. गालांवर पू धरलेला, अंग तापलेलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता महाडला दवाखान्यात न्या. बाई हटेना. "काकी, तुमच्या हाताला गुण हाय. तुम्हीच न्हाऊ घाला. मी नाय जायची."

काकीने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायची तिला सोय नव्हती. इतकी अडकलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती अंगणात आली आणि साऱ्या शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "टाकला, बहावा नि करंजाची साल. ऐकलंत? आता माज्या पान्यात कायपन नाय. ने गो पोराला."

"टाकला? भाजीचा?" कुणीतरी विचारलं. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

बाळ वाचलं. काकीकडे मात्र त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

"आता तरी लेकीकडे जा," मी म्हटलं.

"आता काय करू गो जाऊन? नाती दोनी आता आपल्या आपन न्हातात."

परवा तिच्या घरावरून गेले. चूल थंड होती. काकी उंबऱ्याशी बसली होती, आणि दार सताड उघडं होतं.